साबणाने लाल झालेली पिवळी मॅटी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. प्रदर्शनातून नैसर्गिक रंगात रंगवलेल्या मॅटीचे (भरतकामाच्या चौकटीदार सुती कापडाचे) तीन तुकडे आणलेत: पिवळा, विटकरी आणि निळा. चार महिन्यांनी सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, तेव्हा पिवळ्यावर क्रॉस स्टिचने, म्हणजे फुलीच्या टाक्याने, तुळशीवृंदावन भरून, फ्रेम करून द्यायचं आहे. खबरदारी म्हणून पिवळ्याचा एक कोपरा कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवलात आणि तो कुंकवासारखा लाल झाला. विकणाऱ्याला फोन केला, तर त्याने सांगितलं की मीठ आणि व्हिनेगर घालून रात्रभर भिजवा, रंग पक्का होतो. मग आता भरून झाल्यावर हे कापड धुवायचं कसं?

कोपरा आधी बुडवून पाहिलात हे फार शहाणपणाचं केलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तीन महिने डोळे फोडून भरतात, मग धुतात आणि मग विचारतात.

मी सोलापुरात राहते. गेली वीसेक वर्षं सुती कापड घरीच रंगवते आणि त्यावर भरते. रेशमावर, लोकरीवर हेच रंग वेगळे वागतात, त्यामुळे इथे लिहितेय ते सगळं सुतापुरतं समजा. तुमचे तुकडे मी हातात घेतलेले नाहीत, तेव्हा काही ठिकाणी ‘करून बघा आणि मग ठरवा’ एवढंच सांगू शकते.

तुम्ही धुण्याबद्दल विचारताय. पण फ्रेममध्ये जाणारं भरतकाम आयुष्यात किती वेळा धुतलं जातं? एकदा, भरून झाल्यावर. नंतर ते काचेमागे जातं आणि वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं. पाण्याशी त्याची गाठ पाच मिनिटांची, उजेडाशी मात्र रोजची. म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते: या तीन तुकड्यांपैकी भिंतीवर टांगायच्या लायकीचा कोणता? तो सापडला की धुण्याचं फारसं अवघड राहत नाही.

आधी तो लाल कोपरा. वाटीभर पाण्यात अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचे चार थेंब घाला आणि कोपरा त्यात बुडवा. मिनिटभरात पुन्हा पिवळा होईल. मग साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. शाळेत हळदीचा कागद करून त्यावर चुन्याची निवळी टाकायचो, तोच हा प्रकार. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागलं की लाल होतं, आम्ल लागलं की परत पिवळं होतं. भाजीचा डाग पडलेला शर्ट साबण लावताच लाल होतो हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं, पण कापड विकत घेताना ते आठवत नाही.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवते. पळसाच्या फुलांचा पिवळाही साबणाने किंवा सोड्याने नारिंगी-लालसर होतो. शिमग्याला पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून केशरी रंग करतात, त्याचं कारण हेच. झेंडूचा, डाळिंबाच्या सालीचा किंवा कांद्याच्या सालीचा पिवळा साबणात थोडा गडद होईल, पण असा लाल होणार नाही. तेव्हा तुमचा पिवळा बहुधा हळदीचा, नाहीतर पळसाचा. तुमच्या कामाच्या दृष्टीने फरक पडत नाही, कारण दोन्ही उजेडाला कच्चे.

आता मीठ-व्हिनेगर. हा सल्ला इतक्या तोंडांतून ऐकलाय की त्याला आता आजीबाईच्या बटव्यातली जागा मिळाली आहे. पण रंगवून झालेल्या कापडावर मीठ टाकून वनस्पतीचा रंग पक्का होत नाही. सुताला यातले बहुतेक रंग आपसूक चिकटतच नाहीत, मध्ये कुणीतरी धरून ठेवणारं लागतं. ते काम तुरटी करते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग. सूत तुरटीलाही सहज धरत नाही, म्हणून त्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं आणि ते तुरटीला बसायला जागा करून देतं. माझ्याकडचा हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून येतो. कापडाच्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरडा आणि साधारण १५ टक्के तुरटी हे माझं प्रमाण. हे सगळं रंगाच्या आधी होतं. ते झालेलं नसेल तर नंतर मीठ घाला, व्हिनेगर घाला, नाहीतर देवाचं तीर्थ घाला. व्हिनेगरने तुमचा लाल कोपरा पिवळा होईल तो आम्लामुळे, आणि विकणाऱ्याला वाटत असेल की रंग पक्का झाला.

हळदीची गंमत अशी की ती तुरटी-हिरड्याशिवायही सुतावर झटकन चढते आणि रंग काय देखणा येतो! म्हणूनच नवशिक्यांना ती आवडते आणि प्रदर्शनात तो पिवळा आधी विकला जातो. टिकण्याचं मात्र नाव नको. रंग उजेडाला किती टिकतो हे मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं प्रमाण वापरतात: १ म्हणजे पाहता पाहता उडणारा, ८ म्हणजे जवळजवळ न हलणारा. हळद त्यात अगदी तळाशी बसते.

मला हे पट्ट्यांवरून कळलं नाही, भाचीच्या बारशावरून कळलं. हळदीत रंगवलेल्या मॅटीवर तिचं नाव आणि खाली चार बदकं भरली होती. बहिणीने हौसेने फ्रेम केली आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. बारसं संक्रांतीनंतर झालं होतं. दिवाळीला गेले तेव्हा कापड ताकासारखं पांढुरकं झालेलं. बदकं होती तशी टवटवीत, पण त्यांची चोच आणि पाय मी पिवळ्या दोऱ्याने भरले होते, कापडाच्या पिवळ्याला जुळणारे. आता ते घासलेल्या भांड्यांसारखे उठून दिसत होते. फ्रेम उघडली आणि नावातलं एक अक्षर उसवलं. टाक्यांच्या खाली कापड पहिल्या दिवसासारखं पिवळंधमक! प्रत्येक फुलीचा छोटा पिवळा चौकोन, ओळीने. उसवलेलं अक्षर वाचता येत होतं.

क्रॉस स्टिच करणाऱ्यांनी नैसर्गिक रंगाबद्दल लक्षात ठेवायचं ते हे. भरायचा दोरा कारखान्यात रंगवलेला असतो आणि चांगल्या प्रतीचा असेल तर फारसा हलत नाही. हलतं ते कापड. पूर्ण भरून टाकायच्या नमुन्यात याने बिघडत नाही, कारण कापड दिसतच नाही. पण आपल्याकडचे बहुतेक नमुने जमीन, म्हणजे मागचं कापड, मोकळी सोडणारे असतात. तुळशीवृंदावनाच्या नमुन्यांत अनेकदा पणतीची ज्योत न भरता कापडाचाच पिवळा सोडलेला असतो, भोवती फक्त बॅकस्टिचची रेघ. असं काही तुमच्या नमुन्यात असेल तर सांभाळा, कापड उडालं की ती पणती विझलीच. ज्योत दोऱ्यानेच भरा. जिथे जमीन आणि दोरा यांच्यात एका छटेचाच फरक आहे तिथे दोन-तीन छटांचा फरक ठेवा. कापड दोन पायऱ्या फिकं झालं तरी चित्र वाचता आलं पाहिजे, हा माझा नमुना निवडण्याचा हिशेब.

तर पिवळा पंचाहत्तरीच्या फ्रेमला नको. फेकूनही देऊ नका. अंधारात राहणाऱ्या वस्तूला हळद उत्तम. सासूबाई पोथी वाचत असतील तर पोथी बांधायचा रुमाल करा, कडेने छोटी वेल भरा. पुस्तकातली खूण करा. माझी एक हळदीची खूण बारा वर्षं पुस्तकात आहे, बाहेर डोकावणारं अर्धं इंच सोडलं तर तिचा रंग तसाच आहे.

आणखी एक. काही रंगारी डाळिंबाच्या सालीवर वरून हळद देतात. तसं असेल तर हळद उडून गेल्यावर खालचा मातकट पिवळा शिल्लक राहतो आणि तो बऱ्यापैकी टिकतो. हे ओळखायला, आणि उरलेल्या दोन तुकड्यांसाठीही, आजच एक काम करा. तिन्ही कापडांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावा. अर्ध्या भागावर काळा जाड कागद घट्ट बसवा आणि पुठ्ठा सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीत आतून लावा. तीन आठवडे हात लावू नका. मग कागद उचला. झाकलेल्या आणि उघड्या भागातली सीमारेषा लांबून दिसली तर ते कापड भिंतीसाठी नाही. जवळून निरखून पाहिल्यावरच दिसली तर आतल्या भिंतीवर चालेल. पावसाळ्यात तीन आठवड्यांवर विश्वास ठेवू नका, सहा ठेवा.

आता विटकरी. माझी मदार याच्यावर आहे, पण तो कशाचा आहे ते कळायला हवं. विटकरी दोन गोष्टींतून सहज येतो, मंजिष्ठेतून (एका वेलीच्या मुळांतून) किंवा कातातून. कधी दोन्ही मिसळलेले असतात. छोट्या तुकड्यावर एका बाजूला धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला लिंबाचा. मंजिष्ठ आणि तुरटीचा रंग सोड्याने गुलाबी-जांभळटाकडे झुकतो आणि लिंबाने नारिंगीकडे. कात सोड्याने थोडा गडद होतो, बाकी आपल्या जागी राहतो. मंजिष्ठ असेल तर नशीबवान आहात. तुरटीवर नीट बसलेली मंजिष्ठ आपल्याकडच्या टिकाऊ रंगांपैकी आहे आणि कातही भरवशाचा. दोन्ही थोडे मवाळ होतात, पण हळदीसारखा विश्वासघात करत नाहीत.

विटकरी फार गडद, चॉकलेटीकडे झुकणारा असेल तर विकणाऱ्याला एकच विचारा: हिराकस घातलाय का? हिराकस हा लोहाचा क्षार. त्यातलं लोह रंगाला गडद आणि गंभीर करतं, पण टॅनिनबरोबर ते सुताला हळूहळू खातं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषांच्या जागी आधी भोकं पडलेली दिसतात, ती यामुळेच. मी स्वतः कापडाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या वर हिराकस घालत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेवायच्या कामाला अजिबात घालत नाही. क्रॉस स्टिचमध्ये प्रत्येक भोकातून सुई चार-चार वेळा जाते, तिथे धागा मुळातच कमजोर असून चालत नाही.

निळ्याबद्दल. नीळ उजेडाला आणि पाण्याला चांगली, तिला तुरटी-हिरड्याची गरज नाही. ती धाग्यावर थरावर थर बसते, आणि तीच तिची खोड. वरचे थर सैल असतील तर घासले की सुटतात. मी एकदा निळ्यावर मोगऱ्याची फुलं भरत होते, शुभ्र दोऱ्याने. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिली फुलं पांढरी आणि शेवटची आकाशी. दोरा भोकाभोकातून ओढला जाताना निळ पुसून घेत होता. तर आधी पांढरा रुमाल कोरडा आणि मग ओला करून कापडावर दहा वेळा घासा. कोरड्या रुमालावरही ठळक निळं आलं तर कापड सौम्य साबणाने पुन्हा पुन्हा धुवावं लागेल, पाणी नितळ येईपर्यंत. इथे व्हिनेगरला खरं काम आहे: निळीचं कुंड अल्कलीयुक्त असतं, त्याचा अंश कापडात राहिला असेल तर बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून शेवटचं खळबळणं बरं. तरीही चार महिन्यांची मुदत असताना निळ्याच्या नादी लागू नका. पुढच्या वेळी सावकाश करा. धारवाडकडच्या कसुती भरतकामातला मेंथी टाका म्हणजे आपली फुलीच, आणि ती काळ्या-निळ्या चंद्रकळेवर किती खुलते ते आठवा.

आता धरून चालू की विटकरी पास झाला. भरायला बसण्याआधी थोडी तयारी.

कापड मोजा. मॅटीवर इंचाला १४ चौकटी आहेत असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते रंगवण्याआधीचं. रंगवताना कापड सोड्यात उकळतं, मग हिरड्यात, मग तुरटीत, मग रंगात. ते आटतं, आणि उभ्या-आडव्या धाग्यांना सारखं आटत नाही. समजा, १४० बाय १४० फुल्यांचा नमुना आहे. कोऱ्या कापडावर तो १० इंच बाय १० इंच होईल. उभ्यात ४ टक्के आणि आडव्यात १ टक्का आटलं असेल तर तोच नमुना ९.६ बाय ९.९ इंच होतो. वृंदावनाला ते खपून जाईल, पण गोल चंद्र असेल तर लंबगोल होईल. दोन्ही दिशांना पाच-पाच इंचांत किती चौकटी बसतात ते मोजून घ्या आणि फ्रेमचं माप त्यावरून काढा.

मग कापड एकदा नुसत्या कोमट पाण्यात धुवा. पाण्याला रंग आला तर घाबरू नका, हाताने रंगवलेल्या कापडातून सुटा रंग थोडा निघतोच. तिसऱ्या पाण्यालाही तितकाच आला तर मात्र थांबा. कडा सुटू नयेत म्हणून आधीच ओव्हरलॉक किंवा झिगझॅग मारून घ्या.

रंगवलेल्या मॅटीची खळ निघून गेलेली असते, त्यामुळे ती लुळी पडते आणि चौकटी मोजताना डोळे शिणतात. तांदळाची पातळ कांजी लावून इस्त्री केली की पुन्हा हाताला येते. पण काम संपल्यावर ती खळ पूर्ण काढायची. खळीवर कसर तुटून पडते, आणि तिला तुमच्या नैसर्गिक रंगाचं काही सोयरसुतक नसतं.

खुणा करायला पाण्याने उडणारं पेन वापरू नका. त्याची रसायनं आणि कापडातली तुरटी-टॅनिन एकमेकांशी काय करतील याचा नेम नाही. दर दहा चौकटींवर फिक्या दोऱ्याने धावदोरा घाला, काम झालं की ओढून काढा. कापड ताणून धरायची रिंग रोज रात्री काढून ठेवा, आणि रिंगच्या आतल्या कडीला पांढरी सुती पट्टी गुंडाळा. दोरा एक हात, म्हणजे १८ इंचांपेक्षा लांब घेऊ नका.

आणि सुई कापडात खोचून ठेवू नका. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगते. डाळिंबाच्या सालीत रंगवलेल्या कापडावर माझं एक काम चालू होतं. आषाढात आठ दिवस कोकणात जाणं झालं, तिथे काम सोबत नेलं पण पिशवीतून बाहेरच काढलं नाही. सुई कापडात तशीच. परत येऊन उघडलं तर सुईच्या जागी तिळाएवढा निळसर काळा ठिपका. सुईवरचा मुलामा झिजला होता, दमट हवेत तिला गंज धरला आणि गंजातलं लोह कापडातल्या टॅनिनला भेटलं. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिळून लिहायची शाई करत, माझ्या कापडात तीच शाई तयार झाली. लिंबू लावला तर ठिपका फिका झाला, पण भोवतीचा पिवळाही उतरला आणि तिथे चंद्रासारखं पांढरं खळं आलं. शेवटी त्यावर एक भुंगा भरला. नमुन्यात भुंगा नव्हता. पाहणारे त्याचंच कौतुक करतात! टाचण्या, लोखंडी क्लिपा, लोखंडी कपाटाचा उघडा पत्रा, सगळ्यांना हाच नियम.

दोऱ्यांपैकी लाल, गडद निळा, काळा आणि जांभळा हे चार संशयित. प्रत्येकाचा विताएवढा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी पांढऱ्यावर काही उमटलं तर ती लडी बदला. विटकरीवर शुभ्र पांढरा दोरा घेण्यापेक्षा मोतिया घ्या. कापडाचा थोडा अंश त्यात उतरला तरी दिसणार नाही, आणि विटकरीवर मोतियाच जास्त शोभतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, धुणं.

नेहमीची कपड्यांची पावडर नको. तिच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण १० च्या आसपास, म्हणजे अल्कलीकडे जातो, आणि त्यात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात, ती फिक्या रंगावर निळसर झाक टाकतात. रिठा चालतो. चार रिठ्यांची टरफलं कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून घ्या. मात्र रिठ्याच्या पाण्यालाच तपकिरी छटा असते, त्यामुळे विटकरीला तो योग्य आणि फिक्या पिवळ्याला कधी कधी मळकट. नको असेल तर लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तो सौम्य द्रव साबण, लेबलवर पीएच न्यूट्रल लिहिलेला, पसरट घमेल्यात दोन-तीन थेंब.

पाणी साधं किंवा किंचित कोमट. कापड पसरून बुडवा, तळव्याने हलकं दाबा, चोळू नका. तीन ते पाच मिनिटं पुरे, भिजत ठेवून टीव्ही बघायला जाऊ नका. मळ कुठे असतो तर रिंगच्या गोलाजवळ, तिथे बोटाच्या टोकाने थोडं जास्त. कांजी लावली असेल तर पाणी दोनदा बदला. खळबळायला दोन पाणी नळाची आणि शेवटचं फिल्टरचं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, काही ठिकाणी त्यात लोहही असतं, आणि लोह टॅनिनच्या रंगाला काळपट करतं हे वर आलंच. तुमच्याकडे पाणी गोडं असेल तर एवढा सोपस्कार नको.

दोऱ्याचा रंग फुटलाच तर एक गोष्ट पाळा: कापड वाळू देऊ नका. गार पाण्यात, पाणी बदलत, नितळ येईपर्यंत खळबळत राहा. ब्लीच किंवा डाग काढायची औषधं पांढऱ्या मॅटीवर ठीक, इथे जमीनच घेऊन जातील.

पिळू नका. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा. सोलापुरात राहून टॉवेलला तोटा नाही, मी तीन बदलते. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सावलीत आडवं वाळवा. किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन इस्त्री करा, म्हणजे फुल्या चेपत नाहीत. इस्त्री आधी चिंधीवर फिरवून बघा. काही रंग गरम असताना बदलतात आणि थंड झाल्यावर परत येतात, तेवढ्याने जीव वर-खाली व्हायला नको.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधी सांगा. गोंद किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही, कापड मागून दोऱ्याने उभं-आडवं ओढून बांधायचं. ते तुम्हीच घरी बांधून न्या, तो करणार नाही. मागे हार्डबोर्ड थेट लावायचा नाही, मध्ये आम्लरहित पुठ्ठा घालायचा. आणि काच कापडाला टेकता कामा नये, माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर ठेवायचं, नाहीतर पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी धरते. अतिनील किरणं अडवणारी काच मिळाली आणि परवडली तर घ्या, पण तिच्या भरवशावर फ्रेम उन्हात लावू नका, कारण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग खातो. संग्रहालयं जुन्या कापडांवर साधारण ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. आपल्याला घर तेवढं अंधारात ठेवायचं नाही, पण जिथे थेट ऊन येत नाही अशी भिंत प्रत्येक घरात एक तरी असते. देव्हाऱ्याशेजारची नको. तेलाच्या दिव्याची काजळी काचेच्या फटीतूनही आत जाते.

चार महिन्यांचा हिशेब असा बसवा. आज उजेडाची पट्टी लावा आणि विटकरीवर सोड्या-लिंबाचे थेंब टाका. ते तीन आठवडे दोरे तपासण्यात, नमुना ठरवण्यात आणि कापड मोजण्यात घालवा. भरायला अडीच महिने धरा. शेवटचे पंधरा दिवस धुणं, बांधणं आणि फ्रेमवाल्याच्या चकरा यांना ठेवा. तीन आठवड्यांनी विटकरीही नापास झाला तर कारखान्यातली रंगीत मॅटी आणून त्यावर भरा. सासूबाईंना तुळशीवृंदावन हवंय, मंजिष्ठ नाही.

विटकरीचा बोटभर तुकडा मात्र काळ्या कागदात गुंडाळून फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा आणि पाकिटावर कापड कधी घेतलं, रंग कशाचा, ते लिहा. पुढे कधी फ्रेम उघडली तर मूळ रंग कोणता होता हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि सोड्याच्या थेंबाचं काय झालं ते इथे कळवा. जांभळट झाला असेल तर मंजिष्ठेवर कोणते हिरवे खुलतात ते मी सांगेन, कारण तुळशीचा हिरवा विटकरीवर निवडणं ही वेगळीच डोकेदुखी आहे.